बाबांच्या बीपीसाठी वर्षभर डॅश डाएट पाळला, त्याचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी बाबांचं बीपी लागोपाठ तीन वेळा १५० च्या वर आलं, रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण १४८, डॉक्टरांनी बीपीची एक गोळी सुरू केली, कोलेस्टेरॉलचं तीन महिन्यांनी बघू म्हणाले आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "खाणं सांभाळा." आता खाणं सांभाळा म्हणजे नक्की काय करायचं? घरी येईपर्यंत आईने मनातल्या मनात तेल बंद, अंडी बंद, गोड बंद असं सगळं ठरवून टाकलं होतं आणि बाबांचा चेहरा उतरला होता. चौथ्या दिवशी बाबा ताट सरकवून उठले. त्या दिवशी मी ठरवलं की नुसतं "हे बंद ते बंद" नको, कोणीतरी नीट अभ्यास करून बनवलेला प्लॅन शोधायचा आणि तो तिघांनी मिळून पाळायचा. हा रिव्ह्यू त्याच शोधाचा आणि मग एक वर्ष वापरलेल्या डॅश डाएटचा, म्हणजे बीपी उतरवण्यासाठी बनवलेल्या आहाराचा, आहे, जरा मोठा झालाय पण ज्यांच्या घरात आत्ता असा रिपोर्ट आलाय त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी चुकलेल्या निवडीबद्दल. पहिल्यांदा आम्ही एका अ‍ॅपवर पैसे भरून प्लॅन घेतला, नाव लिहीत नाही. फॉर्म लांबलचक होता, वजन, उंची, कंबर, झोप किती, पाणी किती, आवडता रंगसुद्धा विचारला, पण कुठली गोळी चालू आहे हे एकाही पानावर विचारलं नाही! मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पहिला आठवडा म्हणे शरीर "साफ" करायचा, म्हणजे दिवसभर ज्यूस, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचीच पावडर नाश्त्याला. बाबांना दुपारी गरगरायला लागलं, आम्ही दहाव्या दिवशी बंद केलं. त्यातून एक गोष्ट पक्की शिकले, हृदयासाठी म्हणून जो प्लॅन तुमची औषधं आणि किडनीचा रिपोर्ट विचारत नाही तो घ्यायचा नाही, आणि ज्याच्याकडे स्वतःची पावडर विकायला आहे त्याचा सल्ला दहा वेळा तपासायचा.

मग आमच्या दादाने कीटो सुचवलं, त्याचं स्वतःचं वजन उतरलं होतं त्यामुळे तो अगदी मनापासून सांगत होता. मी वाचायला बसले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये लोकप्रिय डाएट पॅटर्नना गुण दिले होते, त्यांच्याच २०२१ च्या आहार मार्गदर्शनाशी कोणता पॅटर्न किती जुळतो यावर, १०० पैकी. डॅशला पूर्ण १००, मासे खाणाऱ्या पण मांस टाळणाऱ्या पॅटर्नला ९२, मेडिटेरेनियनला, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांसारख्या जेवणाला, ८९, आणि कीटोसारख्या अगदी कमी कार्बच्या डाएटला ३१. दादाला दाखवलं तर तो म्हणाला, "अगं पण माझं वजन उतरलं ना." बरोबर आहे त्याचं, पण हे गुण वजन किती उतरतं याचे नाहीतच, रोजचं ताट हृदयासाठी कसं आहे याचे आहेत. कीटोत फळं, धान्यं, कडधान्यं जवळजवळ बाहेर जातात आणि सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे लोणी-तूप-मांसातलं, सहज वाढतं, आणि आमच्याकडे तर एलडीएलच वाढलेलं, मग ते कशाला.

राहिले दोन, मेडिटेरेनियन आणि डॅश. मेडिटेरेनियन मला मनापासून आवडला होता. स्पेनमधला प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास आहे, साधारण साडेसात हजार माणसांचा, २०१३ ला छापून आला. त्यात माणसं निवडून गटात टाकायच्या पद्धतीत चुका सापडल्या म्हणून २०१८ मध्ये तो पेपर मागे घेऊन पुन्हा विश्लेषण करून छापला, आणि तरीही निष्कर्ष तोच राहिला, मेडिटेरेनियन जेवणासोबत ऑलिव्ह ऑइल किंवा सुकामेवा घेणाऱ्या गटांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रसंग साधारण ३० टक्के कमी. चूक मान्य करून परत हिशोब मांडला याचं मला कौतुक वाटलं. पण आमची अडचण अशी की आईला रोज सकाळी किचनमध्ये उभं राहिल्यावर आकडा हवा असतो, "भाज्या भरपूर" म्हणजे किती, "तेल चांगलं" म्हणजे किती चमचे. मेडिटेरेनियन हा जगण्याचा सुंदर ढंग आहे पण त्यात मोजमाप सैल आहे. डॅशमध्ये आकडे आहेत. शिवाय आमचा पहिला प्रश्न बीपी होता आणि डॅश बनलाच मुळात बीपीसाठी.

डॅशची गोष्ट मला फार आवडली म्हणून थोडं सांगते. १९९७ मध्ये हा अभ्यास छापून आला, ४५९ माणसं, आठ आठवडे, सगळं जेवण अभ्यासाकडूनच बनवून दिलेलं. तीन गट, एकाला नेहमीचं अमेरिकन जेवण, दुसऱ्याला त्यातच फळं-भाज्या वाढवून, तिसऱ्याला फळं-भाज्या, कमी फॅटचं दूध-दही, धान्यं, कडधान्यं, सुकामेवा आणि सॅच्युरेटेड फॅट कमी असं पूर्ण डॅश. आणि महत्त्वाचं म्हणजे मीठ सगळ्यांचं सारखंच ठेवलं आणि वजनही घटू दिलं नाही, म्हणजे बीपी उतरलं तर ते ताटातल्या बदलामुळेच. नेहमीच्या जेवणाच्या तुलनेत डॅश गटाचं वरचं बीपी सरासरी ५.५ ने उतरलं, आणि ज्यांचं आधीच हाय होतं त्यांचं ११.४ ने, आणि हे पहिल्या दोन आठवड्यांतच दिसायला लागलं होतं! नंतर २००१ मध्ये ४१२ माणसांवर मिठाचाही अभ्यास झाला, सोडियम दिवसाला साधारण ३३००, २४०० आणि १५०० मिलिग्रॅम अशा तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी उतरताना बीपी आणखी उतरलं. हे वाचून मी बाबांना म्हटलं, "बाबा, आधी काय वाढवायचं ते बघू, काय तोडायचं ते नंतर." त्या एका वाक्यावर ते तयार झाले.

आता प्रत्यक्ष प्लॅन. अमेरिकन सरकारच्या नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूटच्या साइटवर सगळे तक्ते फुकट आहेत, कुठे नाव नोंदवायला नको की काही विकत घ्यायला नको. वयावर आणि हालचालीवर कॅलरी ठरते, बाबा साठीच्या पुढचे आणि बैठं काम म्हणून २०००, आईला १६००. २००० च्या तक्त्यात रोज धान्याचे ६ ते ८ भाग, भाज्यांचे ४-५, फळांचे ४-५, कमी फॅटचं दूध-दही २-३, मांस-मासे-अंडी मिळून जास्तीत जास्त ६, तेल २-३, आणि सुकामेवा, बिया, कडधान्यं आठवड्याला ४-५ भाग, गोड आठवड्याला ५ किंवा कमी. गोडाला आठवड्याचा हिशोब आहे हे बाबांना इतकं आवडलं की काय सांगू, कारण एखाद्या दिवशी जास्त झालं तरी प्लॅन मोडत नाही, उरलेल्या दिवसांत सांभाळून घेता येतं.

पण या "भागां"नीच आमचा पहिला महिना खाल्ला. रोज ६ भाग धान्य वाचून आई म्हणाली, "एवढं कोण खाणार?" आणि मग कळलं की एक भाग म्हणजे ब्रेडची एक स्लाइस किंवा शिजवलेलं धान्य अर्धा कप, म्हणजे भूक असलेला माणूस एका बैठकीत तीन भाग सहज संपवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. कच्च्या पालेभाजीचा एक कप पण शिजवलेल्या भाजीचा अर्धा कप. तेलाचा एक भाग म्हणजे एक छोटा चमचा, आणि आई जी पळी वापरायची तिच्यात ते चमचे मोजले तर सात भरले. मांसाचा भाग फक्त २८ ग्रॅमचा, म्हणजे "दिवसाला ६" ऐकायला खूप वाटतं पण सगळं मिळून १७० ग्रॅमच्या आसपास. हे कप-औंसचं प्रकरण खरंच डोकं फिरवणारं आहे आणि याच कारणासाठी मी अर्धा स्टार कापतेय. आमचा उपाय असा, एक मापाचा कप आणि एक मापाचा चमचा घेतला, पहिले पंधरा दिवस सगळं मोजून मग तेच प्रमाण आमच्या नेहमीच्या वाट्यांमध्ये ओतून बघितलं, कुठल्या वाटीत कुठपर्यंत येतं ते. त्यानंतर मोजणं बंद. आता आईचा हातच बरोबर पडतो.

मिठाचा भाग सगळ्यात जास्त शिकवून गेला. प्लॅनमध्ये सोडियम २३०० मिलिग्रॅमच्या आत, जमलं तर १५००. एक छोटा चमचा मीठ म्हणजे साधारण २३०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे अख्ख्या दिवसाचा कोटा एका चमच्यात. डब्ल्यूएचओ तर दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते. आई ठामपणे म्हणत होती की आपल्याकडे मीठ कमीच असतं. मग एका सोमवारी मी मिठाचा डबा किचनच्या वजनकाट्यावर ठेवला, आकडा झाकणावर लिहिला, आणि पुढच्या सोमवारी परत ठेवला. १२६ ग्रॅम कमी! तिघं जण, सात दिवस, म्हणजे माणशी रोज ६ ग्रॅम. आई काट्याकडे बघतच राहिली, मग तिने स्वतःच डब्यातला मोठा चमचा काढून छोटा ठेवला. तुम्ही कुठलाच प्लॅन घेणार नसाल तरी हा एक प्रयोग घरी करून बघा, अगदी कळकळीने सांगतेय.

आणि हे झालं फक्त डब्यातलं. पाकिटातून येतं ते वेगळंच. ब्रेड खारट लागत नाही पण त्यात मीठ असतं, चीज, सॉस, सूपची पाकिटं, प्रक्रिया केलेलं मांस, सगळ्यात असतं. पाकिटामागे सोडियम लिहिलं असेल तर त्याला अडीचने गुणायचं म्हणजे मीठ किती ते कळतं, ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा ते आधी बघायचं, मी दोन महिने एका सूपाचं पाकीट चांगलं समजून आणत होते आणि तो आकडा अर्ध्या पाकिटाचा निघाला, बाबा तर अख्खं पीत होते. चवीचं म्हणाल तर पहिले दोन-तीन आठवडे जेवण फिकं लागतं, खोटं कशाला बोलू, पण हळूहळू कमी केलं तर जीभ सरावते. आम्ही लिंबू, मिरपूड, लसूण वाढवलं आणि मीठ शेवटी घालायला लागलो. महिन्या-दीड महिन्यानंतर बाबांना बाहेरचं सूप खारट लागायला लागलं, त्यांनी स्वतः सांगितलं.

आता हे जरा नीट वाचा. मीठ कमी करायच्या भरात मी "कमी सोडियम" लिहिलेलं मीठ आणलं होतं. पाकीट उलटं करून बघितलं तर त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. ऐकायला चांगलंच वाटतं, बीपीसाठी पोटॅशियम चांगलं, डॅशमध्ये फळं-भाज्या एवढ्या असतात त्याचं ते एक कारणच आहे. पण बीपीच्या काही गोळ्या, एसीई इनहिबिटर आणि एआरबी गटातल्या, शरीरातलं पोटॅशियम वाढवतात, आणि किडनी नीट काम करत नसेल तर ते बाहेर पडत नाही आणि वाढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाबांची गोळी त्याच गटातली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी) आणि पोटॅशियमची टेस्ट करायला लावली, ती नॉर्मल आली तेव्हा म्हणाले फळं-भाज्या बिनधास्त खा पण ते मीठ नको. त्यामुळे ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी डॅश स्वतःच्या मनाने सुरू करूच नये, आधी डॉक्टर. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी पण पालेभाज्या एकदम वाढवायच्या नाहीत, व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर बदलतो, विचारून रोज साधारण सारख्याच प्रमाणात ठेवायच्या. आणि कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट चालत नाही. ही माहिती त्या पैसे भरलेल्या अ‍ॅपने द्यायला हवी होती, नाही दिली.

पोटाचं पण सांगते. फायबर एकदम वाढवलं की गॅस होतो, आम्ही उत्साहात पहिल्याच आठवड्यात कडधान्यं आणि फळं सगळं एकदम सुरू केलं आणि बाबा रात्रभर जागे. दर आठवड्याला एकेक भाग वाढवा, पाणी वाढवा. दूध पचत नसेल तर दही बघा किंवा लॅक्टोज काढलेलं दूध.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत डॅश चांगला आहे पण पूर्ण समाधान देत नाही असं माझं मत. मूळ अभ्यासातल्याच माणसांचं कोलेस्टेरॉल बघितलं तेव्हा एलडीएल साधारण ११ ने उतरलं, पण चांगलं म्हणतात ते एचडीएल पण थोडं उतरलं आणि ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीवर, खास फरक नाही. म्हणून २००५ मध्ये ओम्निहार्ट नावाचा अभ्यास झाला, १६४ माणसं, डॅशसारखंच जेवण पण त्यातले थोडे कार्ब काढून एकदा त्या जागी प्रोटीन, जास्त करून वनस्पतींमधलं, आणि एकदा अनसॅच्युरेटेड फॅट म्हणजे ऑलिव्ह किंवा कॅनोला तेल, सुकामेवा, बिया. दोन्हींत बीपी अजून उतरलं आणि ट्रायग्लिसराइडही. हे वाचल्यावर आम्ही तिसऱ्या महिन्यात धान्याचे दोन भाग कमी करून एक मूठ बिनमिठाचा सुकामेवा आणि कडधान्याचा एक जास्त भाग घातला. म्हणजे सांगाडा डॅशचा आणि तेल-सुकामेवा मेडिटेरेनियनचा. नाश्त्याला ओट्स, कारण त्यातलं बीटा-ग्लुकन हे विरघळणारं फायबर रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल कमी व्हायला मदत होते. बाबांना ओट्स आधी चिकट वाटायचे, आई आता ते कोरडे भाजून घेते आणि वरून फळ चिरून घालते, तसे आवडतात.

निकाल. बीपी आम्ही घरीच मोजतो, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सुरुवातीला १५२, १५४ असं यायचं, तीन महिन्यांनी १३२ च्या आसपास आणि आता बहुतेक वेळा १३० च्या आत. गोळी चालूच आहे, त्यामुळे श्रेय गोळीला किती आणि ताटाला किती हे वेगळं काढता येणार नाही, पण डोस वाढवावा लागला नाही. एलडीएल मात्र कुठल्याही गोळीशिवाय १४८ वरून १३१ वर आलं आणि वर्षाने १२४. बाबांचं वजन चार किलोने उतरलं, त्यासाठी वेगळं काही केलं नाही. आईच्या कॅलरी कमी म्हणून तिला पहिला महिना संध्याकाळी भूक लागायची, मग एक फळ दुपारच्या जेवणातून संध्याकाळवर ढकललं आणि ते जमलं. प्रत्येकाला एवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही, आणि प्लॅन जमतोय म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची तर अजिबात नाही, बाबांच्या मनात ते दोनदा येऊन गेलं आणि दोन्ही वेळा आईने गोळी हातावर ठेवली.

स्टार विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा त्या मापांचा कापलाच आहे. वेळ लागतो हे पण खरं, भाज्या धुणं-चिरणं हे काम वाढतं आणि ते एकट्या आईवर पडलं असतं तर आमचा प्लॅन महिन्यात बंद पडला असता. आमच्याकडे चिरायचं काम बाबांकडे आहे. रात्री बातम्या बघत बघत दुसऱ्या दिवशीच्या भाज्या चिरून डब्यात भरतात, आणि फ्रिजच्या दारावर आठवड्याचा कागद आहे त्यावर सुकामेव्याच्या आणि गोडाच्या खुणा स्वतःच करतात. या आठवड्यात शुक्रवारपर्यंत गोडाच्या तीन झाल्यात, दोन रविवारसाठी राखून ठेवल्यात म्हणाले.